काटा, केळं आणि गडगडाट: रोजच्या दिवसात देवाचा हात पाहण्याची यहुदी रीत

दोन माणसं व्यापाराला निघाली. वाटेत एकाच्या पायात काटा रुतला आणि त्याचं जहाज चुकलं. तो देवाला बोल लावत, चरफडत मागे राहिला. काही दिवसांनी बातमी आली की सोबत्याचं जहाज बुडालं. तेव्हा ह्याच माणसाच्या तोंडून देवाची स्तुती निघू लागली. तालमूद म्हणजे यहुदी विद्वानांच्या चर्चांचा मोठा संग्रह. त्याच्या निद्दा नावाच्या भागात ही गोष्ट आहे, आणि तिच्या पाठोपाठ रब्बी (धर्मगुरू) एलआझार यांचं एक वाक्य येतं: ज्याच्यासाठी चमत्कार घडतो, त्यालाच तो ओळखू येत नाही.

ही गोष्ट ऐकली की माणूस दोन प्रश्न विचारतो. मग मला कळणार कसं? आणि बुडालेल्या सोबत्याचं काय? दुसरा प्रश्न जास्त खरा आहे, त्याच्याकडे पुढे येऊ. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: बहुतेक वेळा कळणारच नाही. म्हणूनच यहुदी परंपरेने कळण्याची वाट पाहिली नाही. तिने दिवसातले काही क्षण ठरवून दिले आणि प्रत्येक क्षणाला एक छोटं वाक्य दिलं. त्या वाक्याला ब्राखा म्हणतात. घटनेचा अर्थ नंतर लावा, नाही लावलात तरी बिघडत नाही, पण दखल आत्ता घ्या, आणि तोंडाने घ्या. पुढचं सगळं ह्याच सवयीबद्दल आहे.

लिहिताना दोन प्रकारची माणसं डोळ्यांपुढे आहेत. एक, आमचीच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, तरुण मंडळी, ज्यांना घरात शेमा ही प्रार्थना येते, गोड पोह्यांचा मलिदा आवडतो, आणि त्यापलीकडे फारसं कोणी शिकवलेलं नाही. दुसरी, यहुदी नसलेली पण कुतूहल असलेली माणसं.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी

देव प्रत्येक माणसाच्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालतो ह्या श्रद्धेला हिब्रूत 'हशगाखा प्रातीत' म्हणतात. पण ते लक्ष किती बारीक, यावर थोरामोठ्यांचं एकमत नाही. बाराव्या शतकातले विद्वान रामबाम म्हणतात की देवाची वैयक्तिक देखरेख माणसांवर असते. झाडावरून गळणाऱ्या पानाला आणि कोळ्याने पकडलेल्या माशीला ती लागू नाही. अठराव्या शतकातले, हसिदी ह्या भक्तिपंथाचे संस्थापक बाल शेम तोव आणि त्यांचे शिष्य याच्या अगदी उलट सांगतात: वाऱ्याने पान उलटतं तेही ठरवून. तुम्हाला ह्यातलं कुठलं पटतं ते आज ठरवायची गरज नाही. सकाळची ब्राखा दोघांचीही तीच आहे.

दुसरी गोष्ट देवाच्या नावाची. ब्राखा शिकताना, एकमेकांना सांगताना, ह्या लेखासारख्या ठिकाणी लिहिताना नाव न घेता 'हाशेम' म्हणतात. प्रत्यक्ष ब्राखा म्हणतानाच नाव उच्चारायचं. आणि विनाकारण ब्राखा म्हणायची नाही. म्हटली की नाही अशी शंका आली तर परत म्हणायची नाही. हा नियम बऱ्याच जणांना कोरडा वाटतो. मला तो फार उपयोगी वाटतो, कारण त्यामुळे शब्द स्वस्त होत नाहीत.

तिसरी, भाषेची. रामबामनी स्पष्ट लिहिलं आहे की ब्राखा कुठल्याही भाषेत म्हणता येते, फक्त ठरवून दिलेला आशय बदलू नये. हिब्रू येत नाही म्हणून थांबू नका. यहुदी नसाल तर तुमच्यावर ह्यातलं काहीच बंधन नाही. आपल्या शब्दांत आभार मानले तरी पुष्कळ झालं.

पहिली पायरी: पाय जमिनीला लागण्याआधी

जाग आली, डोळे उघडले, अजून अंथरुणातच आहात. मोबाईलकडे हात जाण्याआधी म्हणा: 'मोदे अनी लफानेखा...' बाईने म्हणायचं ते 'मोदा अनी'. थोडक्यात अर्थ असा: चिरंतन राजा, माझा प्राण तू करुणेने मला परत दिलास, मी तुझे आभार मानते. हे बारा शब्द आहेत आणि त्यात देवाचं नाव मुद्दाम नाही, त्यामुळे हात न धुताही म्हणता येतात. मग उठून हात धुवायचे: भांड्याने आधी उजव्यावर, मग डाव्यावर, असं आळीपाळीने तीन तीन वेळा.

पुढच्या सकाळच्या ब्राखांची तालमूदमधली मूळ मांडणी बघण्यासारखी आहे. आज त्या सगळ्या सिद्दूरमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकात, एका दमात वाचल्या जातात. मूळ रीत मात्र एकेका हालचालीबरोबर एकेक अशी होती. कोंबडा आरवलेला ऐकला की एक. डोळे उघडले की एक. उठून बसलं की एक, कपडे घातले की एक, जमिनीवर पाय टेकला की एक. चपला-बूट चढवताना जी म्हणायची तिचा अर्थ आहे, 'ज्याने माझ्या सगळ्या गरजा भागवल्या.' मी नवख्यांना ही मूळ रीतच सुचवेन, आणि तीही फक्त बुटांपुरती. दाराशी वाकून बूट घालताना रोज सकाळी पाच सेकंद मिळतातच.

दुसरी पायरी: जिथे कोणी देवाला शोधत नाही

ही पायरी ऐकून पाहुणे हसतात. शौचास किंवा लघवीला जाऊन आलं, हात धुतले, बाहेर आलं की एक ब्राखा म्हणायची असते. तिचं नाव आशेर यात्झार. अनेक यहुदी घरांत ती छापून न्हाणीघराच्या बाहेर भिंतीवर लावलेली असते. तिचा आशय असा: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्या, तुझ्या सिंहासनापुढे हे उघड आहे की ह्यातलं एक जरी फुटलं किंवा एक जरी तुंबलं, तर एक तासही तुझ्यापुढे उभं राहता येणार नाही. शेवट होतो 'सर्व देहांना बरं करणारा, आणि अद्भुत करणारा' अशा शब्दांनी. तालमूद ही रचना अबाये ह्या बाबिलोनच्या विद्वानाच्या नावावर सांगतो, म्हणजे चौथ्या शतकाच्या आसपासची.

ज्याला मूतखडा झालेला आहे, ज्याच्या वडिलांना प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर नळी लावलेली होती, ज्याने डायलिसिस पाहिलं आहे, त्याला ह्या ब्राखेत समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. बाकीच्यांसाठी ती आहे. शरीर नीट चालतं तेव्हा ते आवाज करत नाही, त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा घडणारी ही गोष्ट आपण हिशेबातच धरत नाही. आपली प्रवृत्ती अशी की देव पाहायचा तर डोंगरावर, समुद्रावर, सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात. ह्या ब्राखेने त्याला मोरीच्या दारात आणून उभं केलं. ह्या अख्ख्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला, कारण तिची आठवण शरीर स्वतःच करून देतं. वेगळा गजर लावावा लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट: आत काही म्हणायचं नाही. बाहेर या, हात पुसा, थांबा, मग म्हणा. ह्या थांबण्यातच अर्धं काम होतं. ऑफिसात असाल तर ओठांतल्या ओठांत, स्वतःला ऐकू येईल इतपत.

तिसरी पायरी: घास तोंडात जाण्याआधी

इथे थोडा अभ्यास लागतो, आणि अभ्यास हाच मुद्दा आहे. खाण्याआधीची ब्राखा सगळ्या पदार्थांना एक नसते. पावाला 'हमोत्सी', द्राक्षाच्या रसाला वेगळी, झाडाच्या फळाला 'बोरे परी हाएत्स', जमिनीतून येणाऱ्याला 'बोरे परी हाअदामा', भाताला आणि धान्याच्या शिजवलेल्या पदार्थांना 'बोरे मिने मेझोनोत', आणि उरलेल्या सगळ्याला, म्हणजे चहा, पाणी, मासे, अंडी, दूध यांना, 'शेहाकोल'. त्यामुळे घास उचलण्याआधी विचारावंच लागतं: हे आलं कुठून?

आंबा सोपा, तो झाडाचा. केळं? आपण केळीचं झाड म्हणतो, पण केळीला लाकडी खोड नाही, घड दिला की ती मरते. म्हणून केळ्याला जमिनीची ब्राखा. कलिंगडालाही जमिनीचीच. खोबऱ्याच्या तुकड्याला झाडाची, पण शहाळ्याचं पाणी पिताना शेहाकोल. पपईवर विद्वानांचा वाद आहे आणि तो मिटण्याची चिन्हं नाहीत. बहुतेक जण जमिनीची म्हणतात. हातात फळ धरून असा विचार करणारा माणूस लोकांना चक्रम वाटतो. वाटू दे. फळवाल्याच्या गाडीवरून घेतलेलं केळं कुठल्या मातीतून, कोणाच्या पाण्यावर आलं, हा विचार त्याच्या मनात एरवी आलाच नसता.

पद्धत अशी: पदार्थ उजव्या हातात घ्यायचा, ब्राखा म्हणायची, आणि मधे एक शब्दही न बोलता लगेच खायचं. मोसमातलं पहिलं फळ असेल तर 'शेहेखेयानू' ही आणखी एक म्हणतात: ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि ह्या वेळेपर्यंत पोचवलं. वर्षभर मिळणाऱ्या केळ्याला ती नाही. एप्रिलमधल्या पहिल्या हापूसला आहे. एवढीशी ब्राखा, पण ती म्हणताना गेल्या वर्षी ताटाला ताट लावून आंबा खाणारं कोण ह्या वर्षी नाही, ते आठवतं.

बेने इस्राएल घरांत वाढलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटायला हवं, कारण मलिद्यात हेच घडतं. गूळ आणि ओलं खोबरं घातलेले पोहे, त्यांच्याभोवती फळं, ताटापुढे एलियाहू हन्नबी ह्या संदेष्ट्याचं स्मरण, आणि मग वेगवेगळ्या जिनसांवर वेगवेगळ्या ब्राखा. नवस फेडायला, साखरपुड्याला, नव्या घरात जाताना, प्रवासाहून कोणी सुखरूप आल्यावर मलिदा होतो. आमच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी परंपरागत कथा आहे. आणि एलियाहू हन्नबी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर येऊन गेला अशी श्रद्धा. त्या खडकावर आजही तू बिश्वात ह्या झाडांच्या सणाच्या सुमारास माणसं मलिदा घेऊन जातात. पोथीतला तर्क पोचण्याआधी आमच्याकडे देवाची दखल घेणं ताटातून पोचलं होतं. किद्दुश ह्या वाईनवरच्या प्रार्थनेला द्राक्षाची वाईन मिळेना तेव्हा मनुका भिजवून सरबत केलं, तेही ह्याच घरांनी.

खाऊन झाल्यावरही ब्राखा असते, आणि माझ्या मते ती जास्त कठीण. भुकेलेला माणूस आभार मानतोच. पोट भरलेला? तोराच्या, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाच्या, पाचव्या पुस्तकात आठव्या अध्यायात आज्ञा आहे की खा, तृप्त हो आणि देवाला धन्यवाद दे. त्याच्या थोडं पुढे कारण येतं: चांगली घरं बांधशील, गुरंढोरं वाढतील, सोनंरुपं वाढेल, आणि मग मनात म्हणशील की माझ्याच ताकदीने, माझ्याच मनगटाच्या जोरावर मी हे मिळवलं. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की तो अध्याय वाचून बघा.

चौथी पायरी: आकाश आणि पाणी

कोकणात राहणाऱ्याला ही पायरी फुकट मिळालेली आहे. वीज चमकली की 'ओसे मआसे बरेशीत', म्हणजे सृष्टीची रचना करणारा. गडगडाट ऐकला की 'ज्याच्या शक्तीने आणि पराक्रमाने जग भरलेलं आहे'. पण अट अशी की दोन-तीन सेकंदांत म्हणायला हवी. वेळ गेली की गेली, पुढच्या विजेची वाट बघायची. एका वादळाला एकदाच, आभाळ पूर्ण मोकळं होऊन पुन्हा भरून आलं तर परत. म्हणजे जूनमधल्या त्या पहिल्या संध्याकाळी, कपडे काढायला गच्चीवर धावताना, तयारीत असलेलं बरं.

इंद्रधनुष्य दिसलं तर जलप्रलयानंतर नोहाशी केलेला करार आठवणाऱ्या देवाची ब्राखा आहे. बघा, म्हणा, पण टक लावून बघत बसू नका, असा तालमूदचा इशारा आहे. समुद्राची ब्राखा तीस दिवसांत समुद्र पाहिला नसेल तरच. रोज अलिबागच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्याला ती लागू नाही, पुण्याहून महिन्यादोन महिन्यांनी येणाऱ्याला लागू आहे. नियम करणाऱ्यांना माणसाचे डोळे किती लवकर सरावतात ते चांगलं ठाऊक होतं.

पाचवी पायरी: माणसं

जिवलग माणूस तीस दिवसांनी भेटलं आणि भेटून खरंच आनंद झाला, तर शेहेखेयानू. बारा महिन्यांनी भेटलं तर 'मृतांना जिवंत करणारा' ही ब्राखा. आता फोन आणि व्हिडिओ कॉलमुळे ती म्हणावी का यावर चर्चा चालते. इस्राएलातल्या अश्दोदहून किंवा दिमोनाहून वर्षानुवर्षांनी ठाण्याला आलेल्या मावशीला स्टेशनवर पाहिलेल्यांना ही ब्राखा अतिशयोक्ती वाटत नाही.

ह्यातच 'हगोमेल' येते. चार जणांनी ती म्हणायची: समुद्रप्रवासातून परतलेला, वाळवंट ओलांडलेला, मोठ्या आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. ती एकट्याने म्हणायची नसते, दहा जणांच्या मिन्यानपुढे म्हणायची आणि त्यांनी उत्तर द्यायचं. वाचलो हे चारचौघांत उभं राहून सांगायचं. मुंबईचं सगळ्यात जुनं सिनेगॉग, मांडवीतलं शाआर हाराहमीम, 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. ते इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले होते, आणि सुटलो तर सिनेगॉग बांधीन असा त्यांचा नवस होता, असं समाजात सांगतात. शाआर हाराहमीम म्हणजे दयेचं दार. दिवेकरांची हगोमेल दगडविटांची झाली.

सहावी पायरी: रात्री मागे वळून

आतापर्यंतचं सगळं त्या त्या क्षणाचं होतं. आता उलट वाचायला शिकायचं. एक वही ठेवा. झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहा, जास्त नाही. लिहायच्या फक्त घटना: कोण भेटलं, काय चुकलं, काय अचानक जुळलं. 'देवाने माझ्यासाठी हे केलं' असं लिहू नका. 'लोकल चुकली, पुढच्या गाडीत शाळेतली सुनंदा भेटली' एवढंच.

किती क्षुल्लक गोष्ट लिहावी? तालमूदमध्ये प्रश्न आहे की माणसाच्या वाट्याला आलेला त्रास म्हणावा तरी किती लहान गोष्टीला. उत्तरं देता देता विद्वान खाली खाली उतरत जातात: शिवलेला कपडा अंगाला बसला नाही, गरम पेय मागितलं आणि गार मिळालं, सदरा उलटा घातला गेला, आणि शेवटी, खिशात हात घातला तीन नाणी काढायला आणि हाताला दोनच लागली. तिथपर्यंत उतरायला हरकत नाही.

महिनाभराने वही वाचा. बहुतेक ओळींतून काहीच निघणार नाही, आणि ते ठीक आहे. एखाद्या ओळीतून मात्र निघेल. योसेफची कथा अशीच उलट वाचायची कथा आहे. भावांना शोधत तो शेतात भटकत होता. एक अनोळखी माणूस भेटला, म्हणाला, ते दोथानला गेले. त्या माणसाचं नावही तोरात नाही. तो भेटला नसता तर योसेफ घरी परतला असता, भावांनी त्याला खड्ड्यात टाकून विकलं नसतं, मिसरला (इजिप्तला) पोचून तो तिथला कारभारी झाला नसता, आणि दुष्काळात त्याच्या वडिलांचं, याकोबाचं, घर उपाशी मेलं असतं. पण 'तुम्ही नाही, देवाने मला इथे पाठवलं' हे योसेफ भावांना वीसेक वर्षांनी म्हणतो. खड्ड्यात पडलेला असताना तो असं म्हणाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. एस्तेरच्या ग्रंथातही तसंच. त्यात देवाचं नाव एकदाही येत नाही. सगळी कथा फिरते ती एका रात्री राजाला झोप लागली नाही म्हणून. पुरीमच्या सणाला पूर्ण ग्रंथ वाचतात, आणि देव कुठे आहे ते वाचणाऱ्याने पाहायचं असतं.

वही मिटल्यावर, झोपण्याच्या प्रार्थनेआधी, आज ज्यांनी दुखावलं त्यांना क्षमा केल्याचं म्हणण्याची रीत आहे. राग धरून वाचलेला दिवस फार वेगळा दिसतो.

सातवी पायरी: बातमी वाईट असते तेव्हा

आता त्या बुडालेल्या सोबत्याकडे.

मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या मूळ गाभ्यात, नियम आहे की चांगल्यासाठी जशी ब्राखा म्हणायची तशीच वाइटासाठीही म्हणायची. मृत्यूची बातमी आली की 'बारूख दयान हाएमेत' म्हणतात: तो खरा न्यायाधीश धन्य. ह्या शब्दांत 'झालं ते बरंच झालं' असं कुठेही नाही. जवळचं माणूस गेलं तर त्याच वेळी कपडा फाडतात. न्याय मान्य करायचा आणि कपडाही फाडायचा, दोन्ही एका दमात.

रब्बी अकिवाची प्रसिद्ध गोष्ट लोक सांगतात: गावात कोणी जागा दिली नाही, रानात झोपले, वाऱ्याने दिवा विझला, मांजराने कोंबडा खाल्ला, सिंहाने गाढव. ते म्हणत राहिले, दयाळू देव करतो ते भल्यासाठी. रात्री फौज आली, गाव लुटून कैद करून गेली. उजेड नाही, आवाज नाही, म्हणून अकिवा वाचले. गोष्ट चांगली आहे. पण अकिवा हे स्वतःच्या दिव्याबद्दल, स्वतःच्या गाढवाबद्दल बोलले. त्या गावकऱ्यांना जाऊन त्यांनी असं काही सांगितलेलं नाही. काटा रुतलेल्या माणसाने देवाची स्तुती करावी. सोबत्याच्या विधवेपुढे करू नये.

हे फक्त शिष्टाचारापुरतं नाही, कायद्यात आहे. तालमूदच्या बावा मेत्सिया ह्या भागात शब्दांनी दुखावण्याच्या प्रकारांत एक असा दिलेला आहे: ज्याच्यावर आजार आले, ज्याने मुलं पुरली, त्याला, संकटांनी गांजलेल्या इयोबाला त्याचे मित्र बोलले तसं बोलू नये, की आठव बरं, कोण निष्पाप माणूस कधी नाश पावला? म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात देवाचा हेतू सांगायला मनाई आहे. हॉस्पिटलमध्ये भेटायला जाताना एवढं लक्षात ठेवा: तिथे जाऊन बसायचं, डबा द्यायचा, गप्प राहायचं. हशगाखा प्रातीत हा शब्द तोंडातही आणायचा नाही.

आठवी पायरी: काय करायचं नाही

देवाचा हात बघायची सवय लागली की माणूस हळूच शकुन बघायला लागतो. तोरात शकुन पाहायला बंदी आहे, आणि तालमूदमध्ये शकुन कशाला म्हणायचं त्याची यादी आहे: तोंडातला घास पडला, हातातली काठी पडली, मुलाने मागून हाक मारली, कावळा ओरडला, हरीण आडवं गेलं, उजवीकडून साप किंवा डावीकडून कोल्हा निघाला. हरणाच्या जागी मांजर घाला की यादी आपल्या आळीतली होते. मागून हाक मारली म्हणून बाहेर निघालेला माणूस पाच मिनिटं टेकतो, ते आमच्याही घरांत मी पाहिलं आहे. फरक असा ओळखा: घडून गेलेल्यासाठी आभार मानता आहात की पुढे काय करायचं ते घटनेला विचारता आहात? पहिली ब्राखा, दुसरा शकुन. सिग्नल तीन वेळा हिरवा मिळाला म्हणून नोकरी स्वीकारायची नसते.

घडलेलं बदलावं म्हणून प्रार्थनाही करायची नाही. मिश्नाचं उदाहरण असं: गावाकडे येताना आक्रोश ऐकू आला, आणि माणूस म्हणाला, देवा, माझ्या घरातला नसू दे. ही व्यर्थ प्रार्थना. संकट ज्या घरावर यायचं त्या घरावर आलेलं आहे. आणि न कळत ते शेजाऱ्याच्या घराकडे ढकललं जातं, हे माझं म्हणणं.

चमत्कारावर विसंबायचं नाही: औषध घ्या, हेल्मेट घाला, विमा उतरवा. तालमूदमध्ये एका गरीब माणसाची गोष्ट आहे. बायको तान्हं मूल ठेवून गेली, दाईला द्यायला पैसे नव्हते, तेव्हा चमत्कार होऊन त्याला स्वतःलाच दूध आलं. रब योसेफ म्हणाले, केवढा थोर माणूस! अबाये म्हणाले, उलट, केवढा कमनशिबी, ज्याच्यासाठी सृष्टीचा क्रम बदलावा लागला. हा तोच अबाये, ज्याच्या नावावर आशेर यात्झार आहे. पोट वेळेवर साफ होणं त्याला छाती फुटून दूध येण्यापेक्षा मोठं वाटत होतं, आणि मला ह्या वादात त्याचीच बाजू पटते. दिवसातून तीन वेळा म्हणायच्या अमीदा प्रार्थनेतही शब्द असेच आहेत: तुझे चमत्कार जे रोज आमच्यासोबत आहेत, संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी.

किती, केव्हा, कुठे

रब्बी मेइर यांच्या मते दिवसाला शंभर ब्राखा व्हायला हव्यात. आकड्याला घाबरू नका. आठवड्याच्या साध्या दिवशी तीन अमीदांतच 57 होतात. नवख्याने पहिले दोन आठवडे तीनच धरा: मोदे अनी, आशेर यात्झार आणि रोज एका फळावरची. मग चहाची घाला. वही तिसऱ्या आठवड्यापासून. वीज-गडगडाटाचं कार्ड लिहून खिडकीपाशी चिकटवून ठेवा, ऐन वेळी पुस्तक सापडत नाही.

शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारचा विसाव्याचा दिवस, ही वेगळ्या लेखाची गोष्ट आहे, पण शुक्रवारी दिवे लागल्यावर निदान दोन तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. कोकणात आमचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. तेवढा धंदा त्यांनी बुडवला, आपल्याला दोन तास जड जाऊ नयेत.

कोणाबरोबर शिकायचं असेल तर जवळच्या सिनेगॉगमध्ये जा. ठाण्यात शाआर हशामाईम, पुण्यात रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो आणि कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड, अलिबागला मागेन आबोत. आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र सोबत ठेवा, पुरुषांनी डोकं झाकायला टोपी न्या. शब्बाथला गेलात तर फोटो काढू नका आणि वहीही बाहेर काढू नका. त्या दिवशी लिहायचं नसतं. प्रार्थना संपल्यावर हझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, गाठा आणि विचारा की तुमच्याकडे पपईवर कुठली ब्राखा म्हणतात. तासभर बोलतील.